मदत हवी आहे: जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी गळतेय

नमस्कार मंडळी. वडिलांची २८ वर्षांची जुनी कार माझ्याकडे आहे. आठवडाभर गाडीत पेट्रोलचा वास येत होता. काल खाली वाकून पाहिलं तर पत्र्याच्या टाकीच्या खालच्या जोडावर ओल दिसली. टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याखाली माती आणि पाणी साचून तिथेच गंज धरलाय. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की गळती जवळजवळ थांबते.

गाडी उघड्यावर उभी केली आहे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून घराजवळही ठेवलेली नाही.

एका मेकॅनिकने सांगितलं, "टाकी रिकामी करून आणा, लगेच वेल्डिंग मारून देतो." मला याचीच भीती वाटते. रिकाम्या टाकीतच वाफ आणि हवा मिसळलेली असते. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ असली तरी भडका उडू शकतो. नुसतं पाण्याने धुऊन जोडात मुरलेलं पेट्रोल निघत नाही ना?

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांना विचारतो: वेल्डिंगआधी टाकी पाण्याच्या गरम वाफेने किती वेळ धुतली, आत निष्क्रिय वायू (नायट्रोजनसारखा, जो पेट घेत नाही) भरला होता का? बाहेरून लावायचा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावतात तो, सुकून कडक होणारा चिकट लेप) गंजलेल्या जोडावर टिकतो, की तो तात्पुरताच? टाकीला आतून लायनिंग, म्हणजे गळती रोखणारा लेप, कुणी करून घेतलाय का? आणि पत्रा गंजून फारच पातळ झाला असेल तर सरळ दुसरी टाकी बसवावी का?

गाडी वाचवायची आहे, पण कुणाच्या जिवावर बेतायला नको.