मदत हवी आहे : आइसलँडला मुलांसह गाडीने जातोय, दुसरा शब्बाथ कुठे करावा?

ठाणेकरीण_लोद

नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून थेट विचारते. आम्ही आइसलँडला चाललोय, भाड्याची गाडी घेऊन. पहिल्या शब्बाथची (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, आमचा विसाव्याचा दिवस) सोय झाली आहे, दुसऱ्याचं अडलंय. जे हॉटेल घेतलंय तिथे खोल्यांना कार्डाच्या किल्ल्या आहेत आणि जिन्यात आपोआप लागणारे दिवे आहेत, हे काल कळलं. उद्या दुपारपर्यंत रद्द केलं नाही तर सगळे पैसे जातील. मीवाट्न तळ्याकडे घर घेऊ की दक्षिणेला विकजवळ? मुलांना ज्वालामुखी बघायचाच आहे. तिकडे कुणी राहिलंय का? लवकर सांगा प्लीज.

चाकं_चार

महिना कुठला? एकूण दिवस किती? मुलं किती नि केवढी? आणि कार्डाच्या किल्लीने नेमकं काय अडतं? हे सगळं गाळून 'लवकर सांगा' म्हटलंत तर कोण काय सांगणार!

तरी सांगतो. हॉटेलं सोडा आणि कॅम्परव्हॅन घ्या. आम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा नऊ दिवस व्हॅनमध्ये राहिलो. स्वयंपाक आपला, अंथरूण आपलं. तुमचा खाण्याचा प्रश्नही सुटेल.

सुमेधा_क

आइसलँड शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) येतं, त्यामुळे व्हिसाची तयारी आधी करा. बँकेचे कागद, प्रवास विमा, राहण्याची बुकिंग, सगळ्याच्या दोन-दोन प्रती ठेवा. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना ते बघा, माझ्या बहिणीचं तिथेच अडलं होतं. तीन महिने आधी अर्ज केलेला बरा.

उत्तरध्रुव

मी सहा वर्षं रेक्याविकला आहे. ताई, आधी महिना सांगा, बाकीचं सगळं त्यावर आहे. जूनमध्ये इथे सूर्य मावळतो मध्यरात्रीच्या सुमारास आणि तीन वाजता परत वर येतो. मधल्या वेळात काळोख होतच नाही. तुमचा शब्बाथ सूर्यास्तावर आणि ताऱ्यांवर चालतो ना? मग जून-जुलैत तारे दिसायचेच नाहीत.

ठाणेकरीण_लोद

चुकलंच, रागावू नका. सगळं लिहिते.

ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा. इथे १ सप्टेंबरला शाळा सुरू होतात, त्याच्या आत परतायचं. एकूण १२ रात्री. मुलं तीन : ९ वर्षांचा, ६ वर्षांची आणि धाकटी सव्वादोन वर्षांची. आमचे पासपोर्ट इस्राएली आहेत, सुमेधाताई, व्हिसा लागत नाही. तरी आभार.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मी ठाण्याची, लग्नानंतर इस्राएलमध्ये लोदला आले. शब्बाथ पूर्ण पाळतो. म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी मेणबत्त्या लावल्या की शनिवारी तारे दिसेपर्यंत गाडी नाही, विस्तव नाही, विजेचं बटण नाही. कार्डाची किल्ली विजेवर चालते, म्हणून ती चालत नाही. जिन्यात पाऊल टाकलं की दिवा लागतो, तेही तसंच. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही. बाबागाडी ढकलायची नाही, चालती झालेल्या पोरीला कडेवरही घ्यायचं नाही. तेव्हा शनिवारी सव्वादोन वर्षांची पोर स्वतःच्या पायाने जितकी जाईल तितकंच आमचं जग. तेवढ्यात काहीतरी बघण्यासारखं हवं, नाहीतर मोठा दिवसभर खिडकीत बसून 'आपण आलो कशाला' म्हणणार. गेल्या वर्षी दुसऱ्या एका देशात असंच झालं होतं. हमरस्त्याच्या कडेचं हॉटेल, बाहेर नुसता गाड्यांचा तळ. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

पहिला शब्बाथ रेक्याविकला, खबाद या ज्यू संस्थेच्या केंद्राजवळ. तिथे चालत जाता येईल.

चाकं_चार

मग तर व्हॅनच. किल्ली साधी, जिना नाही, दिवे शुक्रवारीच लावून ठेवायचे. विकच्या कॅम्पसाइटवर उभी करा, समुद्र चालत जाण्यासारखा आहे.

उत्तरध्रुव

@चाकं_चार, पाच माणसं, त्यातली एक सव्वादोन वर्षांची, पंचवीस तास एका व्हॅनमध्ये? पाऊस लागला तर? दिवे रात्रभर चालू ठेवले तर बॅटरीचं काय? आणि व्हॅन कुठेही लावता येत नाही, रात्री कॅम्पसाइटवरच राहावं लागतं. तिथली न्हाणीघरं नि दिवे सगळ्यांचे, कुणीतरी बटण दाबणारच.

दुसरं म्हणजे वारा. माझ्या शेजाऱ्यांकडे आलेल्या पाहुण्यांनी पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते हिसकून पार उलटं नेलं. बिजागरीचा पत्रा कागदासारखा दुमडला होता, मी डोळ्यांनी बघितलं. भाड्याने देणाऱ्याने सगळा खर्च त्यांच्याकडून घेतला, विम्यात ते बसत नव्हतं. मुलांना दार उघडू देऊ नका. आपण बाहेर उतरायचं, दोन्ही हातांनी दार धरायचं, मग मुलं उतरवायची.

चाकं_चार

आमची व्हॅन नऊ दिवस छान चालली. वारा काय फक्त व्हॅनलाच लागतो? घरं घ्याल तर रोज सामान चढवा-उतरवा, त्यात तीन मुलं. करून बघा म्हणजे कळेल.

काळा_कातळ

भूविज्ञान शिकवून निवृत्त झालो, पुण्यात असतो. मुलांना ज्वालामुखी दाखवायचा म्हणजे नेमकं काय दाखवायचं हे आधी ठरवा. शंकूसारखा डोंगर नि वरून धूर, हे चित्र आइसलँडला अपुरं आहे. तिथे जमीनच फाटते. उत्तर अमेरिका नि युरेशिया ही दोन भूपट्टं एकमेकांपासून दूर जातात, त्याची भेग थिंगवेत्लिरला पायी फिरून बघता येते. १७८३ मध्ये लाकीची सुमारे २५ किलोमीटर लांब भेग फुटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. त्या वायूंनी गवत विषारी झालं, गुरं मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. विकच्या पुढे एल्डह्रॉइन म्हणून शेवाळाने झाकलेलं लाव्हाचं पठार लागतं, ते त्याच उद्रेकाचं. त्या शेवाळावर मुलांना पाय ठेवू देऊ नका, भरून यायला कित्येक दशकं जातात.

आपला सह्याद्रीही असाच, भेगांतून आलेल्या लाव्हाच्या थरांचा. फक्त ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. मुलांना आजोळी आणाल तेव्हा अंधेरीचा गिल्बर्ट हिल दाखवा. विकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावरचे बसाल्टचे खांब आणि तिथले खांब शेजारी ठेवले तर भावंडं वाटतील.

निसर्गवेडा

सर, मग इतकं लांब कशाला? लोणारचा ज्वालामुखी बघावा, स्वस्तात होईल.

काळा_कातळ

लोणार ज्वालामुखी नाही! अशनीच्या आघाताने झालेलं विवर आहे, तेही बसाल्टमध्ये, म्हणून तर जगभरचे अभ्यासक तिथे येतात. शाळेत चुकीचं शिकवतात आणि ते आयुष्यभर डोक्यात राहतं. कृपया हे पुढे पसरवू नका.

निसर्गवेडा

बरं सर. पण आमच्या वेळी पुस्तकात तसंच होतं.

उत्तरध्रुव

सर, वेगळा धागा काढा ना, मी नक्की वाचेन. इथे ताईंना उद्या दुपारपर्यंत ठरवायचंय.

ताई, आता ऐका. विक नको. रेनिसफ्याराला लाट मागे गेलीशी वाटते आणि अचानक पुढची पार वरपर्यंत येते, माणसं वाहून गेली आहेत. गावातून तो किनारा चालत जाण्यासारखा नाहीच. पण गावाचा स्वतःचा काळा किनारा आहे आणि समुद्र तोच. हात धरून उभं राहता येईल अशा दिवशी जा, शब्बाथ त्याच्या शेजारी नको.

मीवाट्नच्या दक्षिण काठावर स्कूतुस्ताथिर नावाची वस्ती आहे. रस्ता ओलांडला की छोटी विवरं सुरू. लाव्हा ओल्या दलदलीवरून वाहिला, खालच्या पाण्याची वाफ होऊन तो फुटला, त्याची ही वर्तुळं. खालून लाव्हा कधी आलाच नाही, म्हणून त्यांना खोटी विवरं म्हणतात. उतार सौम्य, पायवाट आखलेली. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना एका विवराला पूर्ण फेरी मारून आली होती, मध्ये दोनदा बसून. तुमच्या धाकटीच्या पायाला हेच जग पुरेल.

साधी किल्ली असलेलं लाकडी घर बघा. मालकाला तीन गोष्टी लिहून विचारा : दाराला कुलूप कसलं, बाहेरचे दिवे आपोआप लागतात का, मेणबत्ती चालेल का. लाकडी घरांत उघडी ज्योत बरेच जण चालू देत नाहीत. आणि तळ्याच्या नावाचाच अर्थ 'चिलटांचं तळं'. ऑगस्टमध्येही असतात. चावोत न चावोत, नाकातोंडात जातात. डोक्यावरच्या जाळ्या शुक्रवारच्या आत घेऊन ठेवा.

ठाणेकरीण_लोद

तुमचे किती आभार मानू! पण ते उत्तरेला फार लांब नाही का पडत? आणि सूर्यास्ताची वेळ?

उत्तरध्रुव

पूर्ण वळसा सुमारे १३०० किलोमीटर. रविवारी रेक्याविकहून विक, १९० च्या आत. सोमवारी हिमनगांच्या योकुल्सारलोनवरून होफ्न. मंगळवारी एगिल्सस्ताथिर, बुधवारी मीवाट्न. गुरुवार तिथेच फिरण्यात. रविवारी परत, तो एकच दिवस मोठा, पावणेपाचशेच्या आसपास. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ९० आणि खडीवर ८०. दिवे दिवसाही चालूच ठेवायचे.

ऑगस्टअखेर सूर्यास्त रेक्याविकला नऊच्या सुमारास. मीवाट्न पूर्वेला आहे, तिथे पंधराएक मिनिटं आधी. रेक्याविकची वेळ तिथे धरलीत तर मेणबत्त्या उशिरा लागतील. शनिवारी अंधार पडायला मात्र सूर्यास्तानंतर दीडेक तास धरा, इथे संध्याकाळ लांबते.

नामास्कार्थला उकळत्या चिखलाची कुंडं आहेत, तिथे गुरुवारीच जा आणि धाकटीला पाठीवर बांधा. दोरीच्या पलीकडची जमीन वरून कोरडी दिसते, खाली भाजणारी असते. रेक्याविकजवळच्या रेक्यानेस भागात २०२१ पासून वरचेवर उद्रेक होताहेत, ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामं करावं लागलं. तेव्हा चालू असला तरी लहान मुलांना जवळ नेऊ नका, वायू त्यांना लवकर बाधतो.

रेवदंड्याचा

पोरी, धागा आत्ता वाचला. मी अश्दोदला असतो, मूळ रेवदंड्याचा. उत्तरध्रुव म्हणतात ते बरोबर आहे, ते घर घे. त्यात माझी भर.

मुलं नऊ वाजेपर्यंत जागी राहणार नाहीत. सूर्यास्ताच्या दीडेक तास आधीही शब्बाथ घेता येतो, आपल्या रब्बींकडून (धर्मगुरूंकडून) त्या गावाची वेळ काढून घे. किद्दुश (जेवणाआधीची वाइनवरची प्रार्थना) लवकर कर, पोरं जेवून झोपतील.

तिकडे नळाचं गरम पाणी जमिनीतल्या उष्णतेचं असतं, त्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो म्हणतात. शब्बाथला त्या पाण्याचं काय, हा प्रश्न नवा नाही. तिबेरियाच्या लोकांनी गरम झऱ्यातून थंड पाण्याची नळी नेली होती, त्यावर मिश्नेत, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, चर्चा आहे. पण सगळ्या घरांत तसं नसतं, काही ठिकाणी विजेचा बंब असतो. मालकाला विचार, मग रब्बींना विचार. स्वतः ठरवू नकोस.

मासा घेशील तर कातडीसकट घे, खवले डोळ्यांनी बघून, बिनखवल्याचा आपल्याला चालत नाही. कॉड, हॅडॉक, सामन सगळे चालतात. सुरी नि तवा आपला. आणि पोहे ने. भिजवले की झाले, आच नको. निघण्याआधी घरी मलिदा कर, एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घे. माझी आई मुंबईला जायची तरी करायची.

सुमेधा_क

काका, पोहे शनिवारी भिजवलेले चालतात? मला खरंच माहीत नाही म्हणून विचारते. आम्ही प्रवासात दशम्या नेतो, चार दिवस टिकतात.

रेवदंड्याचा

थंड पाण्यात भिजवलेले चालतात, शिजवणं नाही ते. दशम्यांत दूध असतं ना? मग आम्हाला अडचण. भाकरीत दूध घालत नाही आम्ही, चुकून मांसाबरोबर खाल्ली जाईल म्हणून, दूध नि मांस एकत्र चालत नाही. पाण्यात भिजवून केलेल्या पोळ्या ने, पोरी.

चाकं_चार

घर बघा हवं तर. पण गुरुवारपर्यंत व्हॅन आणि पुढे घर, असंही होतं. फक्त सांगून ठेवतो.

ठाणेकरीण_लोद

हॉटेल रद्द केलं. स्कूतुस्ताथिरला एक घर मिळालं, लोखंडी किल्ली, कुंपण आहे. मालकीणबाईंनी बाहेरचा दिवा शुक्रवारी बंद करून ठेवते असं लिहिलंय. मेणबत्त्या मात्र फक्त सिंकमध्ये लावा म्हणाल्या, पत्र्याच्या ट्रेवर. चालेल. पाणी कसलं ते विचारलंय, उत्तर यायचंय. उत्तरध्रुव, तुमच्या मुलीच्या दोन बसकणांनी माझा निर्णय झाला.

काका, एक राहिलं. मोठा विचारतोय, स्कोगाफॉस धबधब्यात ऊन असलं की इंद्रधनुष्य दिसतं म्हणे. ढगातल्या इंद्रधनुष्याची ब्राखा (ते बघून म्हणायचं स्तुतिवचन) त्याला पाठ आहे. धबधब्यातल्याला म्हणायची का?

रेवदंड्याचा

पोराला म्हणावं, आजोबांना विचार करायला लागला. मी शुक्रवारी सिनेगॉगमध्ये विचारून इथेच लिहितो. पण डोंगर नि समुद्र बघून म्हणायची ब्राखा आहेच, 'ओसे मासे बेरेशीथ'. ती त्याच्याकडून आत्ताच पाठ करून घे. पहिल्याच दिवशी लागेल.