‘साशंक मतदार’ की ‘संशयी मतदार’?

अनुवादक, कोथरूड

ब्रिटनच्या राजकारणावरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे आणि एका विशेषणापाशी अडलो आहे. २०१० च्या निवडणुकीपूर्वी लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांनी, विद्यापीठांचे शुल्क वाढवण्याच्या विरोधात मतदान करू, अशा लेखी प्रतिज्ञेवर सही केली होती. निवडणुकीनंतर पक्ष आघाडी सरकारात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या सरकारने शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर नेली. २०१५ मध्ये पक्षाच्या जागा ५७ वरून ८ वर आल्या. त्यानंतर नेता कोणीही असो आणि तो काहीही देऊ करो, ऐकणाऱ्याच्या मनात आधी अविश्वासच उभा राहतो, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. अशा मतदाराला मराठीत काय म्हणावे? ‘अविश्वासू’ चालत नाही, कारण ज्याच्यावर विश्वास टाकू नये तो अविश्वासू, म्हणजे दोष मतदाराच्याच माथी जातो. ‘संशयी’ म्हटले की बायकोवर पाळत ठेवणारा नवरा डोळ्यांपुढे येतो. मी ‘साशंक’ योजले आहे. पण संपादकांच्या मते तो शब्द फार मवाळ असून त्यातून मतदाराचा राग दिसत नाही.

जुना पेठकर

संपादकांशी मी असहमत आहे. शंका आणि संशय हे शब्द कोशात शेजारी बसत असले, तरी मराठी माणूस त्यांना वेगवेगळी क्रियापदे जोडतो. शंका आपण विचारतो आणि संशय घेतो. शंकेचे निरसन होते, समाधान होते. संशय फिटला तर फिटतो, नाहीतर मनात घर करून राहतो. शंका बहुधा विधानाविषयी असते आणि संशय माणसाविषयी. ‘एवढा पैसा कोठून आणणार?’ ही शंका आहे. ‘हा आणणारच नाही, याला फक्त खुर्ची हवी आहे’ हा संशय आहे. आपल्या लेखात नेता आणि त्याची आश्वासने अशा दोन्ही गोष्टींविषयीचा अविश्वास असेल, तर एकाच विशेषणाने दोन्हींचे काम होणार नाही. ‘नेत्याविषयी संशय आणि आश्वासनांविषयी शंका’ अशी वाक्यरचना करावी आणि विशेषणाचा हट्ट सोडावा, असे मला वाटते. ‘संशयास्पद’ मात्र कटाक्षाने टाळावे. आसामात १९९७ पासून काही नागरिकांच्या नावापुढे मतदारयादीत संशयास्पद मतदार अशी खूण केली जाते आणि त्यांना मत देता येत नाही. तो विषय निराळाच आहे.

हडपसरकर

वरील भेद मला पटतो, परंतु या दोन्ही शब्दांनी आमच्याकडे कोणी बोलत नाही. आमच्या भागात शब्द आहे भरवसा, आणि तो बहुधा नकारासहच येतो: ‘त्याचा काही भरवसा नाही.’ माझ्या चुलत्यांनी निवडणुकांची पत्रके बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली आहेत, रबर लावून, वर्षांप्रमाणे. मागे एक उमेदवार ओसरीवर येऊन बसला तेव्हा त्यांनी त्याच्या हातातले ताजे पत्रक घेतले, डब्यातले सर्वांत खालचे, घडीवर फाटलेले पत्रक काढले आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दोहोंत नळाच्या पाण्याची ओळ जवळपास त्याच शब्दांत होती. खालच्या पत्रकातील उमेदवाराचा फोटो काळा-पांढरा होता, एवढाच फरक. चुलत्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारले, ‘पाइप कोणत्या टाकीवरून येणार, तेवढे सांगा.’ पेठकरांच्या व्याख्येप्रमाणे ही शंका झाली, कारण ती विचारली गेली. तिला कोणी मवाळ म्हणू नये. टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाचा राग त्या प्रश्नात पुरता होता. ‘साशंक’ हा शब्द त्या ओसरीवर पोचत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

शुद्धलेखनप्रेमी

विशेषणाआधी नामाकडे पाहावे, अशी विनंती आहे. एकाच प्रकारच्या कागदाला आपल्याकडे किती नावे झाली आहेत! भारतीय जनता पक्षाचे संकल्पपत्र, शिवसेनेचा वचननामा, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे न्यायपत्र आणि शरद पवारांच्या पक्षाचा शपथनामा. यांतील वचननामा आणि शपथनामा ही संस्कृत धडाला फारसी शेपूट लावून केलेली जोडाजोड मला अतिशय खटकते. वचनपत्र म्हणण्यास काय हरकत होती? राज्यव्यवहारकोश ज्या भूमीत तयार झाला, तेथे एवढी काळजी घेतली जावी.

मोडीवाचक

हा आक्षेप मान्य करता येत नाही. करारनामा, हुकूमनामा, पंचनामा, राजीनामा हे शब्द काढले, तर आपली कचेरी आणि आपले न्यायालय मुके होईल. पंचनाम्यातील ‘पंच’ संस्कृतच आहे, पण तेथे कोणालाही जोड दिसत नाही. ‘नामा’ला मराठीत लेखी आणि बांधून घेणाऱ्या कागदाचे वजन आले आहे, आणि ‘पत्रा’ला ते तेवढे नाही, असे मला वाटते. खरा प्रश्न ‘संकल्प’ शब्दाचा आहे. पूजेच्या आरंभी आपण पळीभर पाणी हातावर घेऊन ‘करिष्ये’ म्हणतो, तेव्हा तो संकल्प करणाऱ्याचा स्वतःशी आणि देवाशी असतो. शेजारी बसलेल्याला त्यातून काही मागता येत नाही. वचनाला मात्र घेणारा लागतो. मतदार हा घेणारा आहे, म्हणून ‘वचन’ हाच शब्द त्याच्या बाजूचा आहे.

जाता जाता, ‘जुमला’ या शब्दाचेही असेच झाले आहे. जुन्या मोडी हिशेबांत जुमला म्हणजे एकूण बेरीज. आज तो हिंदीच्या वाटेने ‘पोकळ बोलणे’ या अर्थाने परत आला आणि बेरजेचा अर्थ तरुणांना ठाऊकही राहिला नाही. २०२२ पासून ‘रेवडी संस्कृती’ आली तिचेही तेच. मराठीत रेवडी उडवतात ती एखाद्याची खिल्ली म्हणून. वाटली जाते ती हिंदीत.

सिंहगड रस्ता

‘वचन’ की ‘आश्वासन’ याचा विचार धातूपासून करावा. आश्वासन आणि विश्वास हे दोन्ही शब्द ‘श्वस्’ या एकाच धातूपासून, म्हणजे श्वासापासून आले आहेत. संस्कृतात आश्वासन म्हणजे धीर देणे, घाबरलेल्याला श्वास घेऊ देणे. त्यात काही करून देण्याचा करार नाही. मराठीने त्यावर कराराचे ओझे ठेवले आणि मूळ अर्थ झाकला गेला. सभेतील बहुतेक आश्वासने मूळ संस्कृत अर्थानेच दिली जातात आणि मराठी अर्थाने ऐकली जातात, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त कर्मचारी, शिवाजीनगर

व्युत्पत्ती रोचक आहे, पण आश्वासनाला आपल्याकडे एक पक्का संसदीय अर्थ आहे आणि तो विसरता कामा नये. मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले की त्याची नोंद होते, आणि ते पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे. प्रचारसभेतील वाक्याला असा कोणताही वाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये, तामिळनाडूतील मोफत वस्तूंच्या प्रकरणात, जाहीरनाम्यातील आश्वासन हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खालील भ्रष्ट मार्ग ठरत नाही, असा निकाल दिला. त्याच वेळी निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. ती आता आचारसंहितेत आहेत: आश्वासनामागचे कारण द्यावे, पैसा कोठून येईल हे ढोबळमानाने सांगावे, आणि जे पुरे करता येईल त्याच्याच आधारे मतदाराचा विश्वास मागावा. हडपसरच्या चुलत्यांचा टाकीचा प्रश्न हा या तत्त्वांचाच प्रश्न आहे. तो विचारणाऱ्या मतदाराला ‘चिकित्सक’ म्हणावे, हे माझे सुचवणे.

हडपसरकर

चिकित्सक हा शब्द आपल्या शहरात फार स्वस्त झाला आहे. भजी चांगली आहेत का, हे विचारणाराही येथे चिकित्सक असतो. टँकरवर जगणाऱ्याला तो देऊ नये.

अनुवादक, कोथरूड

सर्वांचे आभार. पेठकरांची दोन क्रियापदांची वाट मला सर्वांत उपयोगी वाटते, मात्र लेखाच्या शीर्षकात दोन क्रियापदे मावत नाहीत. शिवाय आणखी एक अडचण आहे. क्लेग यांनी २०१२ मध्ये माफी मागितली ती असे वचन मुळात दिल्याबद्दल, ते मोडल्याबद्दल नव्हे, यावर लेखकाचा भर आहे. येथे ‘वचन’ ठेवावे, ‘प्रतिज्ञा’ की ‘हमी’?

जुना पेठकर

प्रतिज्ञा. सही केली आहे आणि ठरावीक मजकूर आहे.

मोडीवाचक

‘हमी’ मुळीच वापरू नये. महाराष्ट्रात हमी या शब्दामागे रोजगार हमी योजना उभी आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक ठरले. मागेल त्याला हक्काने मिळेल, अशी तजवीज असेल तेव्हाच हमी म्हणावे. सभेत जे देतात त्याला लोक ‘गॅरंटी’ म्हणतात, तेवढे पुरेसे आहे.

शुद्धलेखनप्रेमी

म्हणजे फारसी ‘नामा’ चालतो, आणि आता इंग्रजी ‘गॅरंटी’ही चालणार? ‘अभिवचन’ हा शब्द कोणी सुचवू नये, याचे आश्चर्य वाटते.

सिंहगड रस्ता

अभिवचनात ‘अभि’ कशासाठी आहे, हे आधी सांगावे.