उंचावर तहान लागत नाही आणि खाल्लेलं बेचव लागतं, असं का?

पायवाट: गेल्या आठवड्यात ३,५०० मीटरच्या आसपास चार दिवस चालून आले. पहिल्या दिवशी चढ संपल्यावर प्यायलेलं साधं पाणी चक्क गोड लागलं. तिसऱ्या दिवशी मात्र नेहमीचं बिस्किट तोंडात पिठासारखं फिरत राहिलं, गिळवेना. तहान अशी लागतच नव्हती. संध्याकाळी बाटली अर्धी भरलेलीच असायची. कशामुळे होतं हे?

शेवाळ: तहान लागली नाही, गोम तिथेच आहे. वर हवा थंड आणि कोरडी, त्यात आपण तोंडाने धापा टाकतो. श्वासावाटे जाणारी वाफ घामासारखी दिसत नाही. उंचीवर सुरुवातीचे काही दिवस लघवी वाढते, आणि थंडीने तहान बोथट होते ते वेगळंच. शिवाय पाणी रक्तात पोचायच्या आधीच, नुसत्या घोटांनी तहान शमते. गोड लागलं की आपण बाटली खाली ठेवतो!

बिस्किटाचं म्हणाल तर लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला चव कळत नाही. नाक चोंदलं असेल तर वासही गेला. मी आधी दोन घोट तोंडात घोळवते, मगच घास घेते.

पायवाट: नाक चोंदलंच होतं. मग पाणी भरपूर पीत राहायचं का?

कातळ: नुसतं पाणी नको, कळकळीने सांगतो. आमच्यातला एक जण घामाने निथळत होता आणि दिवसभर साधं पाणीच पीत होता. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, मळमळ, बोलणं असंबद्ध. आम्हाला वाटलं उंची बाधली. खाली आणून रक्त तपासलं तर सोडियम उतरलेलं. घामातून मीठ जातं, टोपीच्या कडेला पांढरी रेघ उमटते ती त्याचीच. म्हणून मी ओआरएस नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत आत घेतं, मागोमाग पाणी येतं. घरी प्यायला नकोसं वाटणारं हेच ओआरएसचं पाणी घाम गाळल्यावर छान लागतं.

एक विचारायचं राहिलं. उंची बाधू नये म्हणून असेटाझोलामाइडच्या गोळ्या घेत होतात का? त्याने लघवी वाढते, आणि सोड्याची चुणचुण ओळखणारं जिभेवरचं एन्झाइमही अडतं.

पायवाट: घेत होते! वर सोडा प्यायले तो अगदी सपक लागला. शिळा म्हणून ओतून दिला, दुसरी बाटली उघडली. तीही तशीच.