डे-केअरमधल्या अनुभवावर कॉलेजचे क्रेडिट मिळतात का?

प्रेषक: शुभदा

नमस्कार मंडळी,

लेक कॉलेजला गेली, आता माझं अर्धवट राहिलेलं पुरं करावं म्हणते. एस.वाय. बी.कॉम. झालं आणि लग्न ठरलं, टी.वाय. राहूनच गेलं. इथे अमेरिकेत आधी एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीवरच्या व्हिसावर) घरी होते. ग्रीन कार्ड आल्यावर डे-केअरमध्ये लागले ती आजतागायत. सीडीए (लहान मुलं सांभाळणाऱ्यांचं प्रमाणपत्र) केलंय. टॉडलर रूम (नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांची) माझ्याकडे आहे, शिवाय सेंटरची फी, पगारपत्रक, सगळे हिशोबही मीच बघते. आता डायरेक्टरची जागा रिकामी होतेय, पण मालकीणबाईंना बॅचलर्स झालेली बाई हवी.

फेसबुकवर सारखी एक जाहिरात येते: अनुभवावर पंधरा दिवसांत पदवी, फी एकरकमी. आमचे हे म्हणतात, निव्वळ फसवणूक. पण अनुभवाचे क्रेडिट (पदवीसाठी कोर्सागणिक जमवावे लागतात ते) खरोखर मिळतात असंही ऐकलंय. कुणाला नीट माहिती आहे का?

शुभदा

---

प्रेषक: मीनल

शुभदाताई,

जाहिरातीबद्दल यजमानांचं ऐका. कॉलेजला मान्यता आहे की नाही, हे फेडरल शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं. तिथे नाव नसेल तर पुढे वाचूसुद्धा नका.

मी कम्युनिटी कॉलेजात ॲडव्हायझर आहे, असे अर्ज नेहमी हाताखालून जातात. अनुभवाचे क्रेडिट मिळतात, पण किती वर्षं काम केलं याचे नाही. त्या कामातून काय शिकलात आणि ते दाखवता येतं का, याचे मिळतात. सीएईएल ही संस्था १९७४ पासून या कामात आहे आणि तिच्या निकषांचं मूळ सूत्रच हे आहे.

तुमच्या बाबतीत आधी बी.कॉम.च्या दोन वर्षांचं बघा. अनुभवाच्या मागे लागून लोक हे विसरतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) मागवून डब्ल्यूईएससारख्या, परदेशातलं शिक्षण इथल्या मापात मोजणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्या, आणि तेही विषयवार अहवालाचं. नुसता 'दोन वर्षं पूर्ण' असा स्वस्तातला अहवाल घेतला तर कॉलेजला त्यातून फारसं काही देता येत नाही. हे आधी अशासाठी की एकाच विषयाचे क्रेडिट दोनदा मिळत नाहीत. एफ.वाय.च्या अकाउंटन्सीचे मिळणार असतील तर त्याच विषयाची परीक्षा द्यायला पैसे कशाला घालायचे?

मग क्लेप. वर्गात न बसता परीक्षा देऊन त्या विषयाचे क्रेडिट मिळवायचे. कॉलेज बोर्डाच्या या परीक्षा १९६७ पासून चालू आहेत. बहुतेक परीक्षा दीड तासाच्या, गुण २० ते ८० या पट्टीवर. एसीई या कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस ५० ला क्रेडिट द्यावेत अशी आहे, तरी काही कॉलेजं जास्त मागतात. 'ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट' तुमच्यासाठीच काढल्यासारखी आहे. पियाजे, एरिक्सन ही मानसशास्त्रज्ञांची नावं तेवढी पाठ करावी लागतील. ते जे सांगतात ते तुमच्या रूममध्ये रोज रांगतंय. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था ऑनलाइन कोर्स फुकट देते आणि तो पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. मराठीची मात्र क्लेप नाही, भाषांमध्ये फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश एवढ्याच.

सीडीएलाही बरीच कॉलेजं क्रेडिट देतात. त्यात १२० तासांचं प्रशिक्षण आणि ४८० तासांचं काम तपासलेलं असतं, त्यामुळे कॉलेजला पुन्हा चाचपत बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र लेखी विचारून घ्या: हे क्रेडिट पदवीत कुठे बसणार? 'हो, घेतो' असं सगळेच म्हणतात. पण ते 'फ्री इलेक्टिव्ह'च्या (कुठलेही ऐच्छिक विषय) खात्यात टाकले आणि ते खातं आधीच भरलेलं असलं, तर हातात काही येत नाही, मुख्य विषयाचे सगळे कोर्स करायचे ते करायचेच. शिवाय बॅचलर्सच्या १२० क्रेडिटपैकी ठरावीक क्रेडिट आमच्याकडेच घ्या, अशी बहुतेक कॉलेजांची अट असते, अनेक ठिकाणी ३० ची. प्रौढांसाठीच काढलेली कॉलेजं यात जास्त मोकळी असतात. आपल्या न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचं थॉमस एडिसन त्यातलंच, १९७२ चं.

मीनल

---

प्रेषक: प्रकाशकाका

मंडळी, स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आम्ही दिवसा नोकरी आणि रात्री क्लास असं करून एमएस केलं, बर्फातून गाड्या हाकत. मुलं सांभाळली म्हणून क्रेडिट द्यायचे तर मग आमच्या हिलाही स्वयंपाकाचे केमिस्ट्रीत देऊन टाका! शुभदा, तुझ्याबद्दल नाही हो, मी पद्धतीबद्दल बोलतोय.

---

प्रेषक: मीनल

काका, काकूंना नुसत्या स्वयंपाकावर नाही मिळणार. हरभऱ्यात सोडा घातला की ते लवकर का शिजतात, हे पेक्टिनपर्यंत जाऊन सांगितलं तर बोलू. आणि तुमच्या पीई (इंजिनिअरच्या) लायसन्सला कामाचा अनुभव मोजला होताच की! सैनिकांच्या प्रशिक्षणाला क्रेडिट द्यायची शिफारस एसीई १९४० च्या दशकापासून करते आहे, तेव्हा हे काही आजचं खूळ नाही.

परीक्षेत न बसणाऱ्या गोष्टींसाठी पोर्टफोलिओ, म्हणजे काय शिकलो ते पुराव्यानिशी, लिहावा लागतो. तो त्या विषयाचे प्राध्यापक तपासतात आणि सरळ नाकारतातही. 'मला मुलांची आवड आहे, मी अनेक वर्षं टॉडलर सांभाळले' असं लिहिलं की शून्य. आता हे बघा: एक मूल इतरांना चावतं. बाईंनी आठवडाभर नोंद ठेवली, कधी, कुठे, आधी काय झालं, नंतर काय झालं. दिसलं की चावणं जेवणाआधीच होतं, हात धुवायच्या रांगेत सगळी खेटून उभी असताना. मग रांगच मोडली, तिघातिघांना नेलं, बाकीच्यांना गाण्यात गुंतवलं. पुढच्या आठवड्याची नोंद शेजारी लावली. सोबत नोंदवहीची पानं (मुलांची नावं झाकून), डायरेक्टरचं पत्र, आणि हे वर्तन-निरीक्षणाच्या कुठल्या सिद्धांतात बसतं ते. त्या कोर्सच्या अभ्यासक्रमातल्या एकेका उद्दिष्टाला असा एकेक पुरावा लागतो. काका, रात्रीच्या क्लासपेक्षा हे सोपं आहे असं मला तरी वाटत नाही. म्हणून तर मी सांगते, परीक्षेनं भागत असेल तिथे पोर्टफोलिओच्या वाटेला जाऊ नका.

---

प्रेषक: शुभदा

मीनल, किती नीट सांगितलंस! चावण्याची भानगड आमच्याकडेही झाली होती, नोंदवही अजून ऑफिसात असेल. काका, राग कसला, तुम्ही बोललात म्हणून एवढं कळलं.

ट्रान्सक्रिप्टसाठी भावाला विद्यापीठात पाठवणार आहे. आता एक अडचण. मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. मॅरेज सर्टिफिकेट चालेल का? माझं मराठीत आहे, नगरपालिकेचं.

---

प्रेषक: मीनल

सहसा चालतं. पण इंग्रजी भाषांतर लागेल, आणि घरी केलेलं चालत नाही, प्रमाणित हवं. ज्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेणार तिला आधी ईमेल करा आणि उत्तर आल्यावरच भावाला विद्यापीठात पाठवा, नाहीतर त्याला दोन हेलपाटे.