मटणातली चरबी टाळायची की तर्री?

गिरणाकाठ (मूळ मत):
आषाढातल्या रविवारी आमच्या चाळीसगावात मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि "थोडी चरबी टाकू ना?" असे खाटकाने विचारले की बहुतेक जण मान डोलावतात. वडिलांना हृदयाचा त्रास सुरू झाल्यापासून मी मात्र बोकडाच्या मांडीचे मटण मागतो आणि दिसेल ती पांढरी चरबी तिथेच काढायला लावतो. चिकन पथ्याचे आणि मटण अपथ्याचे, हा समज मला पटत नाही. चरबी काढलेल्या बोकडाच्या कच्च्या मटणात १०० ग्रॅममागे साधारण २ ते ३ ग्रॅम मेद असतो; कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसातही जवळपास तेवढाच असतो. कातडीत मात्र तो ३० ग्रॅमच्या वर जातो. म्हणून प्राणी कोणता यापेक्षा भाग कोणता, हे आधी पाहावे.

तापीकाठ:
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. आपले काळे मटण म्हणजे काळा होईपर्यंत भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि वर बोटभर तर्री. एक किलो मटणाला आमच्या घरी दहा मोठे चमचे शेंगदाणा तेल सहज लागते, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम. चौघांत वाटले तर माणशी ३५ ग्रॅम. तुमच्या पाव किलो मांडीच्या मटणात सहा-सात ग्रॅम मेद असेल. दुकानात सुरीने चरबी काढायची आणि घरी पळीने उरलेल्या मेदाच्या पाचपट तेल घालायचे, तर ती काढून काय साधले? खोबऱ्याचा मेद मी अजून धरलेलाच नाही.

शिरपूरची सून:
दोघेही पातेल्यात पाहता आहात, ताटात कोणी पाहत नाही. आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी उठते आणि बायका बसतात तेव्हा पातेल्यात रस्सा, बटाटा आणि दोन हाडे उरलेली असतात. त्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कुस्करली की जेवण झाले. म्हणजे तर्री बायकांना आणि प्रथिने पुरुषांना. रक्त कमी असल्याचे निदान झाले तेव्हा मी पहिल्यांदा आपल्यासाठी कलेजी वेगळी काढून ठेवली, कारण मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा शरीरात अधिक सहज शोषले जाते. (गरोदर बाईने मात्र कलेजी टाळावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते.) तेव्हा कमी चरबीचे मटण कोणते, याआधी ते कोणाच्या वाट्याला येते, हे विचारावे असे मला वाटते.

गिरणाकाठ:
तेलाचा हिशेब मी केला नव्हता, हे मान्य करतो. पुढच्या रविवारी तीन चमच्यांत वाटण परतून पाहीन. तरीही भाग निवडणे व्यर्थ आहे, हे मला मान्य नाही, कारण तेल कमी केल्यावर उरतो तो मटणाचाच मेद. ताटाबद्दल काय उत्तर द्यावे, ते मला सुचत नाही. आमच्याही घरी आई शेवटीच बसते.

तापीकाठ:
तीन चमच्यांत कांदा करपेल. तो आधी विस्तवावर सालीसकट भाजून घ्या, मग तेल कमी लागते.