'व्यवहारी' की 'हिशेबी'?

कोरा कागद: सर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते' या स्पॅनिश कादंबरीवर लेख लिहितेय. वेडाच्या भरात स्वतःला शूर सरदार समजणाऱ्या किहोतेचा सेवक सांचो पान्सा, त्याला मी 'व्यवहारी' म्हटलं, संपादकांनी खोडून 'हिशेबी' केलं. का, तर दुसऱ्या भागात (१६१५) तो मालकाकडे ठरावीक पगार मागतो. मला 'हिशेबी' टोचतं. तुम्हाला?

खडीसाखर: मुळीच नाही. आमच्या सांगलीकडे आत्याचं लग्न याच शब्दावर जमलं: 'मुलगा हिशेबी आहे, कुणाचं बुडवणार नाही.' व्यवहारी म्हणजे आहेराची वही जपून ठेवणारा.

कोरा कागद: आमच्या घरी नेमकं उलट!

तात्या पंतोजी: 'हिशेब' अरबी. आपला शब्द असताना उसनवारी कशाला? शिवाय स्मृतिग्रंथांत व्यवहार म्हणजे खटला. याज्ञवल्क्यस्मृतीत अख्खा व्यवहाराध्याय आहे.

बाराबंदी: मग तर सांचो व्यवहारीच, तात्या. बारातारिया नावाच्या 'बेटा'चा कारभार मिळाल्यावर तो खटलेच निकाली काढतो. एक म्हातारा हातातली काठी सावकाराला धरायला देतो आणि 'पैसे याच्या हातात दिले' अशी शपथ घेतो. सांचो काठी फोडायला लावतो, तर आत सोन्याची दहा नाणी! उसनवारीचाच मामला. बाकी अरबीचा विटाळ मानायचा तर पुस्तकच मिटा. मूळ बाड अरबीत होतं, स्पेनमधल्या तोलेदो शहराच्या बाजारात मिळालं, असं सर्व्हान्तेसच सांगतो.

तात्या पंतोजी: थाप आहे ती लेखकाची.

बाराबंदी: आहेच. पण त्या कल्पित अरबी लेखकाचं नाव बेनेन्हेली, आणि सांचो त्याला 'बेरेन्हेना' म्हणतो. म्हणजे वांगं!

खडीसाखर: अगं बाई! हा स्पॅनिश शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत आपल्याकडून. मूळ 'वातिंगण'.

तात्या पंतोजी: 'वांगे' वातिंगणावरून? छे. 'वृंताक'वरून असणार.

खडीसाखर: मग 'ग' कुठून आणलात?

कोरा कागद: मंडळी, अंक शुक्रवारी छापायला जातोय. शेवटी मालक भानावर येतो, वेड टाकतो, अंथरुणावर पडून मरायला टेकतो. तेव्हा 'मरू नका धनी, उठा, मेंढपाळ होऊन रानात जाऊ' म्हणून रडतो तो सांचोच. या माणसाला हिशेबी म्हणू?

तात्या पंतोजी: थांबा हो, आधी वांग्याचं मिटू दे.