मदत हवी आहे: माउथ ऑर्गनच्या रोजच्या सरावाचं लक्ष्य कसं ठरवायचं?

खोपीतला_सूर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. यंदा माउथ ऑर्गन शिकायला घेतलाय. दहा होलांचा, सी स्केलचा, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी एक (सा पहिल्या पांढऱ्या पट्टीवर). बेळगावात पेटी-तबला शिकवणारे भरपूर, पण माउथ ऑर्गन शिकवणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. त्यामुळं मोबाईलवर बघत बघत चाललंय.

वेळ शिफ्टवर अवलंबून. फर्स्ट असली की संध्याकाळी अर्धा तास मिळतो, सेकंड असली की सकाळी. घरात लहान पोर झोपलेलं असतं म्हणून शेतातल्या खोपीत जाऊन वाजवतो. समोर राजहंसगड, आजूबाजूला भात, कुणाला त्रास नाही. बसायचा कंटाळा कधीच येत नाही. अडतंय ते असं, की उठताना आज काय जमलं हे सांगता येत नाही. थोडं सारेगम होतं, थोडं एखादं गाणं होतं, मग दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून तसलं काढायला जातो आणि वेळ संपतो. दुसऱ्या दिवशी परत तेच.

नेमक्या अडचणी सांगतो. एक, सुटा सूर काढताना शेजारचा मिसळतो. दोन, मधल्या सप्तकात धपर्यंत बरं जातं, पण ध-नि-सांला दर वेळी गोंधळ होतो. तीन, दुसऱ्या होलात ओढलं की सूर गुदमरल्यासारखा येतो, कधी कधी येतच नाही. वाद्यच खराब आहे का, अशी शंका येते.

इच्छा एकच आहे. कार्तिकी एकादशीला देवळात आमच्या मंडळाचं भजन असतं. मराठी अभंग असतात, एखादं कन्नड दासरपदही (हरिदास संतांचं पद) होतं. वडील अजून मंडळात गातात. त्यांच्या शेजारी बसून निदान एका अभंगाला साथ करायची आहे.

तर जाणकारांनो, रोजचं लक्ष्य मिनिटांत ठरवायचं की धड्यांत? एका दिवशी एकच गोष्ट घ्यायची की सगळं थोडं थोडं? आणि एखादी गोष्ट ‘झाली’ असं कधी म्हणायचं? तेवढं सांगा की.

सुटा_सूर:

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून तिथूनच सुरू करतो.

‘ध-नि-सां सुधारायचं’ असं वहीत लिहिलं तर उठताना त्यावर हो किंवा नाही अशी खूण करता येत नाही. ‘मेट्रोनोम (ठोके देणारं ॲप) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, ठोक्याला एक सूर, ध-नि-सां-नि-ध सलग पाच वेळा, शेजारचा सूर न मिसळता’ असं लिहिलं तर करता येते. चौथ्या वेळी चुकलं की परत एकपासून. रोजचं लक्ष्य म्हणजे एवढंच: एका बैठकीत मावणारी आणि झाली की नाही ते आपल्याच कानाला कळणारी एक गोष्ट. मिनिटं मोजून हे कळत नाही. धडा मोजूनही कळत नाही, कारण एका धड्यात दहा गोष्टी असतात.

आता ध-नि-सां का अडतं ते बघा. आकडा म्हणजे होल, ब्लो म्हणजे फुंकणं, ड्रॉ म्हणजे ओढणं. ४ ब्लो सा, ४ ड्रॉ रे, ५ ब्लो ग, ५ ड्रॉ म, ६ ब्लो प, ६ ड्रॉ ध. इथवर प्रत्येक होलात आधी फुंकायचं, मग ओढायचं. सातव्यात ते फिरतं: नि ड्रॉवर आणि सां ब्लोवर. म्हणजे ध आणि नि एकाच ओढीत येतात, श्वास न तोडता वाद्य फक्त एक होल सरकवायचं असतं. मान आणि ओठ जागेवर, हात सरकतो. तुम्ही पूर्ण सप्तक वाजवत राहिलात तर या जागेवर प्रत्येक फेरीत एकदाच येता आणि बाकीचा वेळ जे आधीच येतं तेच वाजवता. म्हणून बाकीचे सूर काही दिवस बाजूला ठेवा. आधी फक्त ६ ड्रॉ ते ७ ड्रॉ. ते स्वच्छ झालं की ७ ड्रॉ ते ७ ब्लो. मग तिन्ही. मग मागं प जोडा, मग म. अशा रीतीनं शेवटाकडून सुरुवातीकडं बांधत आणा.

दुसऱ्या होलाचं: वाद्य खराब असण्याची शक्यता फार कमी. ओढताना गाल, जीभ ताणली गेली की आतल्या धातूच्या पातीचा सूर खाली वाकतो. पुढं हेच मुद्दाम शिकायचं असतं, त्याला बेंड म्हणतात. सध्या ते नकळत होतंय. जबडा सैल सोडा, घसा जांभई देताना उघडतो तेवढा उघडा आणि चोखल्यासारखं न ओढता पोटातून सावकाश श्वास आत घ्या. तपासायची पक्की युक्ती अशी, की २ ड्रॉ आणि ३ ब्लो हे दोन्ही एकच सूर आहेत, मंद्र सप्तकातला प. आधी ३ ब्लो लांब धरा, लगेच २ ड्रॉ. दोन्ही तंतोतंत जुळले की त्या दिवसाचं लक्ष्य पूर्ण.

वेळ अर्धा तास असेल तर लक्ष्याला पहिली दहा मिनिटं द्या, ओठ आणि कान ताजे असताना. शेवटी एकदा फोनवर रेकॉर्ड करून लगेच ऐका. वाजवताना स्वतःला जे ऐकू येतं त्यात मिसळलेला शेजारचा सूर लपतो, रेकॉर्डिंगमध्ये लपत नाही. आणि एखादं लक्ष्य दोन-तीन दिवस अडूनच राहिलं तर ते मोठं आहे असं समजा. वेग ५० वर आणा किंवा एक सूर कमी करा. जास्त वेळ बसणं हा त्यावर उपाय नाही.

मलप्रभाकाठ:

खानापूरहून लिहितेय. वरचं सगळं पटलं, एक सोडून. दिवसभर फाउंड्रीत उभं राहून आलेल्या माणसानं तीनच सूर घोटायचे आणि उठायचं, हे फार दिवस टिकत नाही. मी बासरी शिकताना हे बघितलंय. लक्ष्य अभंगातूनच काढा. जो वाजवायचा आहे त्याची धृपदाची ओळ घ्या आणि ती जिथं तुटते तेवढीच जागा आजची. ध-नि-सां त्यात असेल तर तेच लक्ष्य झालं. पण ते कशासाठी चाललंय हे डोळ्यासमोर राहतं.

आणि दादा, डोकं हलकं झालं किंवा गरगरलं की लगेच थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. नव्यानं वाजवणारे गरजेपेक्षा खूप जोरात फुंकतात, ओढतात. हळू आवाजात वाजवणं हेसुद्धा एका दिवसाचं लक्ष्य होऊ शकतं: ४ ब्लो, बाजूला बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढा, सरळ, न थरथरता आठ ठोके.

सुटा_सूर:

ताई, मान्य. ओळीतली जागा घेणं जास्त चांगलं. फक्त ती जागा तीन-चार सुरांपेक्षा मोठी नको, नाहीतर परत सगळं गाणंच वाजवलं जातं.

पेटीचा_भाता:

मी शहापूरचा, भजनाला आणि गाण्याला पेटीची साथ करतो. सगळ्यांनी सराव चांगला सांगितला, पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. येळ्ळूरकर, तुमचं मंडळ कोणत्या पट्टीत गातं?

खोपीतला_सूर:

काका, काळी चार. वडिलांना विचारून सांगतोय. पेटीवाले कायम तिथंच सा धरतात म्हणाले.

पेटीचा_भाता:

मग हे आत्ताच बघायला पाहिजे, कार्तिकीच्या आदल्या दिवशी नको.

पेटीत बाराही सूर समोर असतात, मी सा कुठंही नेऊ शकतो. दोन्ही वाद्यं एकाच जातीची, हवेनं पाती थरथरते आणि सूर निघतो. पण तुमच्या दहा होलांत वीसच पात्या, आणि त्या एका सुराभोवती लावलेल्या. पांढरी एकच्या माउथ ऑर्गनवर काळी चारमधला अभंग नीट वाजणार नाही.

वाटा दोन. पहिली, ए फ्लॅटचा माउथ ऑर्गन घ्या, तोच काळी चार. माउथ ऑर्गन बाराही स्केलमध्ये येतात आणि फुंक-ओढीची रचना सगळ्यांवर सारखीच असते. ४ ब्लो सा म्हणजे तिथंही सा. त्यामुळं आज सीवर केलेला सराव जसाच्या तसा उपयोगी पडतो. ए फ्लॅटचा आवाज सीपेक्षा खालचा, घुमणारा, भजनात जास्त मिसळतो.

दुसरी वाट बिनखर्चाची. पेटीवाल्यांना विनंती करून त्या एका अभंगापुरती पट्टी अर्ध्या सुरानं खाली, पांढरी पाचवर घ्या. ती तुमच्या सी माउथ ऑर्गनवर ६ ब्लोला आहे. तिथून सा धरला की शुद्ध नि मिळत नाही, कोमल नि मिळतो, म्हणजे खमाज थाटाचे सूर. पण अभंग भूप रागात असेल तर नि आणि म लागतच नाहीत: ६ ब्लो सा, ६ ड्रॉ रे, ७ ड्रॉ ग, ८ ड्रॉ प, ८ ब्लो ध, ९ ब्लो सां. सगळं सरळ मिळतं. फक्त वरची होलं असल्यामुळं आवाज बारीक येईल.

थोडं विषय सोडून, पण सांगावंसं वाटतं. याच वाद्यावर सा बदलून थाट, म्हणजे सात सुरांचा साचा, बदलतो. ४ ब्लोवरून बिलावल. ४ ड्रॉ सा धरला तर पांढरी दोनचा काफी. ५ ड्रॉ सा धरला तर पांढरी चारचा कल्याण, तीव्र म आपोआप ७ ड्रॉवर येतो. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात, बेळगावात राहून पेटी जवळून ऐकलेल्या माणसाला याचं फार अप्रूप वाटतं. पण तुम्ही हे कार्तिकीनंतर करा. आत्ता एक पट्टी, एक अभंग.

आणि मेट्रोनोमइतकाच तानपुराही लावा. मोबाईलवर पांढरी एकचा तानपुरा सुरू ठेवून ४ ब्लो लावला की सूर सरळ आहे की डळमळतोय ते लगेच कळतं.

खोपीतला_सूर:

काका, ताई, दादा, मनापासून आभार. पट्टीचं तर माझ्या लक्षातच येणं शक्य नव्हतं. वडिलांशी बोललो, त्यांनी भूपातलाच एक अभंग सुचवला. ए फ्लॅट मागवायचं ठरवलंय, तोवर सीवर सराव.

भूपात नि नाही, म्हणजे ध-नि-सां ही जागाच उरत नाही. ध वरून थेट सां. मग पहिल्या आठवड्याचं असं लिहिलंय: सोमवार-मंगळवार २ ड्रॉ आणि ३ ब्लो जुळवणे. बुधवारपासून धृपदाची पहिली ओळ, त्यातली ग-प-ध-सां एवढीच जागा, मेट्रोनोम ६०, सलग पाच वेळा. रविवारी पूर्ण ओळ रेकॉर्ड करून इथं टाकतो. बरोबर आहे का?

एक शंका राहिली. कधी कधी कामावरून तसाच मळ्यात जातो. वाद्य बरोबर डब्यात ठेवलं तर चालेल?

सुटा_सूर:

आठवडा छान बांधलाय. ग-प-ध-सांमध्ये एक लक्षात ठेवा: ग आणि प दोन्ही ब्लो, ५ वरून ६ वर एकाच फुंकरीत सरकायचं. म्हणजे ध-निला जे हाताचं सरकणं लागत होतं तेच इथं फुंकताना लागतं. तिथं शेजारचा सूर मिसळायची शक्यता सगळ्यांत जास्त, म्हणून बुधवारी फक्त ग-प घ्या आणि ध-सां गुरुवारी जोडा. बिलावलातलं काही वाजवायला लागलात की ध-नि-सांकडं परत या, ते सोडू नका.

फाउंड्रीत वाद्य नेऊ नका. पाती आणि तिच्या खाचेमधली फट इतकी बारीक असते की वाळूची धूळ गेली तर सूर अडकतो. घरीच ठेवा. वाजवण्याआधी पाण्यानं चूळ भरा, लगेच चहा-बिस्किट खाऊन वाजवू नका. वाजवून झालं की होलं खाली करून तळहातावर हलके आपटा, लाळ निघून जाते, आणि डबा बंद करण्याआधी थोडा वेळ उघडं राहू द्या. पावसाळी दमट हवेत हे जास्तच पाळा. आत लाकडी पट्टी असेल तर पाण्यानं कधी धुऊ नका, ती फुगते.

ए फ्लॅट आला की पहिल्यांदा काकांसारख्या कुणाच्या तरी पेटीवर काळी चार दाबून ४ ब्लो ताडून बघा. दुकानातून चुकून ए आला तर तो अर्ध्या सुरानं वर असतो, आणि मंडळात बसल्यावर ते कळून उपयोग नाही.